हळदीने प्लेटमधल्या पेशी मरतात, त्यानंतरचं काय?

मेंदूच्या कॅन्सरवर वनस्पतीतलं रसायन शोधायचा प्रोजेक्ट घेतला की पहिल्या एक-दोन महिन्यांतच हाती छानसा आकडा येतो. हळदीतलं कर्क्युमिन घाला, कांद्यातलं क्वेर्सेटिन घाला, अश्वगंधेतलं विथाफेरिन घाला, लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या कॅन्सर पेशी मरतात. डोस वाढवत नेला तर त्या मीठ घालूनही मरतील. खरा प्रश्न असतो की त्या नेमक्या कशाने मेल्या, आणि तेवढं रसायन माणसाच्या मेंदूपर्यंत कधी पोचणार आहे का. हे प्रोजेक्टच्या शेवटी विचारलं तर उशीर झालेला असतो, म्हणून पहिली प्लेट लावण्याआधीच विचारावं.

इथे ज्या गाठीबद्दल बोलतोय ती ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा एक आक्रमक कॅन्सर. तिच्यावरच्या आजच्या उपचारांचा पाया २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ट्रायलने घातला: ऑपरेशन, ३० बैठकांत ६० ग्रे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या गोळ्या. नुसत्या रेडिएशनऐवजी सोबत गोळ्या दिल्याने रुग्णांचं मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. म्हणजे अडीच महिने. प्लेटमध्ये ‘८० टक्के पेशी मेल्या’ असं दिसलं की हे अडीच महिने आठवावेत.

आधी पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या संग्रहातून पेशी मागवता येतात, आणि तिथूनच मागवाव्यात. शेजारच्या लॅबमधून मिळालेल्या व्हायलवर ‘यू-८७’ (ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींचा एक प्रकार) लिहिलेलं असतं, पण आत काय आहे ते सांगता येत नाही. या क्षेत्राला तो इतिहासच आहे. यू-३७३ म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात यू-२५१ निघाल्या. जगभर वाटल्या गेलेल्या यू-८७ पेशी स्वीडनमधल्या मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळत नाहीत, हे २०१६ मध्ये दिसून आलं. तेव्हा पेशी आल्या की डीएनए ओळख आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर करून घ्यावी, मायकोप्लाझ्माची नंतरही दर महिन्याला. त्याची लागण झालेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली ठणठणीत दिसतात, मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रवही, गढूळ होत नाही, फक्त प्रत्येक रीडिंग थोडं थोडं खोटं येतं. एकाच पेशीप्रकारावर विसंबू नये. यू-८७ सोबत टी-९८जी ठेवावी, कारण ती एमजीएमटी हे डीएनएची दुरुस्ती करणारं प्रथिन बनवते आणि टेमोझोलोमाइडला दाद देत नाही. शिवाय निरोगी ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी, हव्यातच. त्यांच्यावर रसायन न तपासता ‘फक्त कॅन्सर पेशी मारतं’ असं लिहिणं म्हणजे थाप.

आता कर्क्युमिन घेऊ, कारण जवळजवळ प्रत्येक चूक त्यात करता येते. स्वयंपाकघरातली हळद वापरू नका, तिच्यात कर्क्युमिन अवघं काही टक्के असतं. बाटलीवर ‘कर्क्युमिन’ लिहिलेली पावडरही बहुधा तीन भावंडांचं मिश्रण असते, साधारण तीन-चतुर्थांश कर्क्युमिन आणि उरलेले त्याचे दोन सख्खे भाऊ. शुद्धता किती ते बॅचच्या कागदावर बघून वहीत लिहा.

रेणुभार ३६८.४, म्हणजे २० मिलिमोलर स्टॉकसाठी (नंतर पातळ करायच्या दाट द्रावणासाठी) १ मिली डीएमएसओ या द्रावकात ७.३७ मिग्रॅ. बरोबर ७.३७ तोलण्यासाठी तराजूशी झटापट करू नये. जे वजन येईल ते लिहावं आणि डीएमएसओ त्या हिशेबाने घालावं: ८.१ मिग्रॅ आलं तर १.१ मिली. गडद बाटलीत ५०-५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांवर ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नये.

पातळ करताना सगळ्यात जास्त गडबड होते. १ मिली मीडियात ५ मायक्रोलिटर स्टॉक घातला की १०० मायक्रोमोलर होतं. वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, आधीच १०० मायक्रोलिटर मीडिया आहे, त्यात हे १०० घातलं की अंतिम डोस ५० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.२५ टक्के. इथवर ठीक. मग पुढचे निम्मे-निम्मे डोस साध्या मीडियात केले जातात आणि प्रत्येक पायरीला कर्क्युमिनसोबत डीएमएसओही निम्मं होतं. शेवटी जो सुंदर उतरता आलेख मिळतो त्यात डीएमएसओचा वाटा किती, हे कुणालाच कळत नाही. उपाय सोपा आहे: पातळ करायच्या मीडियातच ०.५ टक्के डीएमएसओ घालून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये ते सारखंच राहील. कंट्रोलही त्याच मीडियाचा.

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ वेल वापरू नयेत. तिथलं पाणी उडतं, क्षार वाढतात आणि पेशी रसायनाविनाच आजारी पडतात. त्या वेलमध्ये पीबीएस, म्हणजे क्षारांचं बफर द्रावण, भरा. आतल्या ६० मध्ये प्रत्येकी ४००० पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये. त्यासाठी मिलीला ४०,००० पेशींचं ८ मिली मिश्रण केलं की पुरून उरतं. पिपेट करता करता मिश्रण अधूनमधून हलवत राहा, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि प्लेटच्या एका टोकाला दुप्पट पडतात. २४ तास चिकटू द्या, मग डोस. डोस घातल्यावर लगेच मायक्रोस्कोपखाली बघा: ५० मायक्रोमोलरला पिवळ्या सुया दिसल्या तर रसायन विरघळलेलं नाही आणि त्या वेलच्या आकड्याला काही अर्थ नाही.

कर्क्युमिन मीडियात टिकतही नाही. सीरम (मीडियात घालायचा रक्तातला द्रव भाग) नसलेल्या, ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के तुटतं. १० टक्के सीरम असेल तर बरंच सावरतं, तासाभरात २० टक्क्यांहून कमी तुटतं. म्हणजे ‘४८ तास कर्क्युमिन दिलं’ या वाक्यातले बहुतेक तास पेशींनी त्याच्या तुकड्यांबरोबर काढलेले असतात. सीरम किती टक्के होतं हे लिहिल्याशिवाय दोन लॅबचे आकडे जुळवून बघू नयेत.

मग एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायची चाचणी. पीबीएसमध्ये मिलीला ५ मिग्रॅ असं द्रावण, २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये २०, तीन ते चार तास इन्क्युबेटरमध्ये, वरचं द्रव काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, रीडिंग ५७० नॅनोमीटरवर. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा फॉर्मॅझान करतात. अडचण अशी की क्वेर्सेटिन आणि त्याच्यासारखी कितीतरी वनस्पतिजन्य फिनॉल हेच काम पेशींशिवाय करतात. त्यामुळे मेलेल्या पेशींचा वेलही जांभळा दिसतो. प्रत्येक डोसचे तीन वेल पेशी न घालता लावा, त्यांचं रीडिंग वजा करा. आणि यू-८७ चा आपला एक वेगळाच त्रास: या पेशी सैल चिकटतात, गठ्ठे करतात. वरचं द्रव झटकून टाकलं तर जिवंत पेशीही सिंकमध्ये जातात आणि आपण त्यांना मृत म्हणून मोजतो. काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूज करावी, द्रव कडेने हळू ओढावं.

एमटीटीवर कधीच थांबू नये. ते चयापचय मोजतं, मरण नव्हे. मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजणी करा, आणि जमलं तर कॉलनी टेस्ट: सहा वेलच्या प्लेटमध्ये ३०० पेशी, १० ते १४ दिवस, क्रिस्टल व्हायोलेटचा रंग, ५० पेशींहून मोठ्या वसाहती मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा गप्प बसलेली पेशी परत उठते का, हे तिथेच कळतं. आणि एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळे दिवस, वेगवेगळे पासेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या), ताजं डायल्यूशन.

तुलनेला टेमोझोलोमाइड लावतात आणि ४८ तासांत त्याने काहीच केलं नाही म्हणून आपली हळद जिंकली असं जाहीर होतं! टेमोझोलोमाइड डीएनएवर खूण करतं. पेशी विभागते, दुरुस्ती करायला जाते, तिथे अडकते आणि मग मरते. त्याला एक-दोन विभाजनं लागतात, म्हणून पाच-सहा दिवस द्यावेत. शिवाय ७.४ पीएचला ते दोनेक तासांत निम्मं होतं, त्यामुळे डायल्यूशन ऐनवेळी करायचं.

समजा सगळं नीट केलं आणि निम्म्या पेशी मारायला २० मायक्रोमोलर लागले. रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्याची सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर दिसली होती, आणि पुढच्या अभ्यासांत त्याहूनही कमी. हे रक्तातलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, आणि जे आत शिरतं त्यातलं बरंच पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप परत बाहेर फेकतो. टेमोझोलोमाइडचा रेणुभार १९४, ते आत जातं. सदाफुलीतल्या व्हिन्क्रिस्टिनचा ८२५, पॅक्लिटॅक्सेलचा ८५४, आणि दोघांनाही तो पंप ओळखतो. गाठीच्या मध्यभागी ही भिंत फुटलेली असते हे खरं, पण ऑपरेशननंतर मागे राहतात त्या कडेने पसरलेल्या पेशी, आणि तिथे भिंत शाबूत असते. म्हणून रेणुभार, तेलात विरघळण्याची क्षमता आणि पंपाची चाचणी या गोष्टी वनस्पती निवडतानाच बघाव्यात.

(घरात रुग्ण असेल तर यातलं काहीही अर्क करून देऊ नये. टेमोझोलोमाइड चालू असताना काय घ्यायचं ते ऑन्कोलॉजिस्टला विचारूनच.)

सह्याद्रीतलं नरक्या हे झाड घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. झाड आधी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात ओळखून घ्या आणि साल ओरबाडून आणू नका, त्यापायी खूप झाडं गेली आहेत. त्यातलं कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरविरोधी रसायन पहिल्यांदा मिळालं ते एका चिनी झाडातून, १९६६ मध्ये, मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांना. त्याच्या रेणूत लॅक्टोन नावाचं अणूंचं एक कडं आहे. ते बंद असेल तरच औषध चालतं, आणि ७.४ पीएचला ते उघडतं. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघडलेल्या रूपाला धरून ठेवतं, उंदराचं तितकं नाही, त्यामुळे उंदरात जोरदार दिसलेला परिणाम माणसात फिका पडू शकतो. स्टॉक डीएमएसओमध्येच ठेवा, मीडियात अगदी शेवटच्या क्षणी घाला आणि घातल्याची वेळ मिनिटासकट वहीत लिहा.