शीर दबली होती, पण कुठे?

तो माझ्याकडे फिजिओथेरपीला आला तेव्हा उजवं पाऊल प्रत्येक वेळी फरशीवर सपकन आपटत होतं. हातात एमआरआयची पिशवी. ‘मॅडम, सायटिका आहे. कंबरेतल्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकलीय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तोवर काही व्यायाम असतील तर सांगा.’

रिपोर्ट खोटा नव्हता. गादी थोडी फुगलेली होतीच. पण चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही तशी सर्रास दिसते. कंबर अधूनमधून धरायची, म्हणाला, पण ते जुनंच. पायात कळ, जी सायटिकाची खूण, ती मात्र नाही. उताणा झोपवून पाय सरळ वर उचलला, तर तक्रार न करता जवळजवळ ऐंशी अंशांपर्यंत गेला. कंबरेत दबलेली शीर सहसा एवढं उचलू देत नाही.

आता खरी परीक्षा. घोटा आणि अंगठा वर उचलता येत नव्हता. हे कंबरेत त्या गादीजवळची एल-फाइव्ह शीर दबली तरी होतं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची शीर दबली तरी होतं. फरक कळतो तो दोन स्नायूंवरून: पाऊल आत वळवणारा आणि कुशीवर झोपून मांडी बाजूला उचलणारा. दोघांना एल-फाइव्हच लागते, पण त्यांची वाट गुडघ्याच्या त्या शिरेतून जात नाही. यातही एक मेख आहे. लुळं पाऊल आधी हाताने काटकोनात धरायचं, मगच आत वळवायला सांगायचं. नाहीतर ती ताकदही खोटीच कमी वाटते. मी तसं धरलं, आणि त्याने माझा हात ढकलून दिला. मांडीही भक्कम. म्हणजे एल-फाइव्ह शाबूत. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यामागे बोटाने टकटक केलं, तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या.

‘काम काय करता?’

‘फरशी बसवतो.’

म्हणजे तासन् तास उकिडवं, आणि त्याने गुडघ्याजवळची हीच शीर दबते. हा प्रश्न फाइलमध्ये कुठेच नव्हता.

सर्जनना फोन केला. आधी ‘एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतंय’ झालं. मग ते थोडे थांबले, आणि नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे शिरेतून संदेश कुठे अडतो ते पाहणारी तपासणी त्यांनी स्वतःच लिहून दिली. असं ऐकून घेणारे फार नसतात. अडथळा गुडघ्याशीच निघाला. उकिडवं बसणं बंद, पावलाला आधार देणारा स्प्लिंट, थोडे व्यायाम. काही महिन्यांत अंगठा वर यायला लागला.

आता मला छळतं ते वेगळंच. ऑपरेशन झालं असतं, तरी त्यानंतर डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलीच असती. शीर तशीही मोकळी झाली असती. तो पेढे घेऊन सर्जनकडे गेला असता, आणि पुढचा असाच पेशंट आला की त्यांना हीच केस आठवली असती.