फुकटचे ३८ रुपये आणि टीसीएसचा घोळ : माझा अनुभव

पुण्यात घरीच गोधड्या आणि दुपटी शिवून ती एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकण्याचा माझा छोटासा व्यवसाय आहे. माल राज्याबाहेरही जातो, त्यामुळे उलाढाल बेताची असली तरी जीएसटी नोंदणी मला टाळता आली नाही. नोंदणी, बँक खाते जोडणे, पहिली बिले हे सारे सुरळीत पार पडले. मनस्ताप झाला तो टीसीएसमुळे, म्हणजे बाजारपेठ आपल्या विक्रीच्या पैशांतून कापून सरकारकडे भरते त्या करामुळे, आणि त्याचा राग अजून पुरता शमलेला नाही.

बाजारपेठ चालवणारी कंपनी आपल्या महिन्याच्या करपात्र विक्रीतून परत आलेला माल वजा करते आणि उरलेल्या रकमेवर अर्धा टक्का कापून घेते. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर एक टक्का होता. ही कपात तिला पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ या विवरणपत्रात आपल्या नावे दाखवावी लागते. ती सरकारच्या जीएसटी पोर्टलवर आपल्याला दिसू लागली की ‘स्वीकार’ किंवा ‘नकार’ यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो, आणि स्वीकारलेली रक्कम आपल्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरण्यासाठी वापरता येणाऱ्या पोर्टलवरील खात्यात, जमा होते.

एका महिन्यात कंपनीने मला पाठवलेल्या हिशेबाच्या तक्त्यात निव्वळ विक्री ४८,६०० रुपये आणि कपात २४३ रुपये होती. पोर्टलवर मात्र त्याच महिन्यासाठी ५६,२०० रुपयांची विक्री आणि २८१ रुपयांचा टीसीएस दिसत होता. ७,६०० रुपयांच्या या फरकाशी परत आलेल्या गोधड्यांची किंमत रुपयाला रुपया जुळली. कंपनीने पैसे देताना त्या वजा केल्या होत्या, पण सरकारला कळवताना त्या विकल्या गेल्याचेच दाखवले होते.

घरच्यांचे म्हणणे असे की ३८ रुपये जास्तच मिळत आहेत, तर घेऊन टाक. कंपनीच्या मदत केंद्रानेही हाच सल्ला दिला, फक्त अधिक गोड भाषेत : ‘आपण स्वीकार करावा, पुढील महिन्यात आपोआप समायोजन होईल.’ कोणत्या नियमाने होईल, हे विचारल्यावर तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली आणि सेवेला किती तारे द्याल, अशी विचारणा आली. पुन्हा तक्रार नोंदवली की नवी व्यक्ती पहिल्यापासून तेच प्रश्न विचारी आणि शेवटी लेखा विभागाकडे बोट दाखवी. त्या विभागाशी थेट बोलण्याची सोय मात्र कोठेच नव्हती.

प्रश्न ३८ रुपयांचा नव्हताच. कंपनीने कळवलेली विक्री आपण दाखवलेल्या विक्रीपेक्षा जास्त असेल, तर कायद्याच्या कलम ५२ नुसार ती तफावत दोघांनाही कळवली जाते आणि वेळेत दुरुस्त झाली नाही तर त्या फरकावरचा कर व्याजासह विक्रेत्याच्या माथी येऊ शकतो. न विकलेल्या गोधड्यांवर मी कर का भरावा? म्हणून मी ‘नकार’ निवडला, हिशेबाचा तक्ता आणि परत आलेल्या प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक जोडून लेखी तक्रार केली आणि दुरुस्तीची मागणी करताना तीत जीएसटीआर-८ च्या तक्ता ४ चा, म्हणजे आधीच्या महिन्यांचे आकडे दुरुस्त करण्याच्या तक्त्याचा, स्पष्ट उल्लेख केला. तक्त्याचा क्रमांक वाचताच उत्तराचा सूर बदलला, हे मी आजही थोड्या अभिमानाने सांगते. नंतरच्या एका जीएसटीआर-८ मध्ये दुरुस्ती झाली आणि २४३ रुपये पोर्टलवर आले.

या काळात आपली विवरणपत्रे थांबवण्याचे काहीच कारण नसते. मी जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र माझ्या बिलांप्रमाणेच भरले, म्हणजे तक्ता ७ मध्ये राज्यवार किरकोळ विक्री आणि तक्ता १४ मध्ये कंपनीच्या जीएसटी क्रमांकासमोर निव्वळ विक्री. कर भरण्याचे जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र देखील वेळेत भरले. जीएसटीआर-१ मधील आकडा नंतर खटकला तर ३बी भरण्यापूर्वी जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या विवरणपत्रातून तो सुधारता येतो, कारण जुलै २०२५ पासून ३बी मध्ये आपोआप येणारा देय कर हाताने बदलता येत नाही.

केवळ ‘स्वीकार’ निवडून काम संपत नाही, हे वर सांगायचे राहिले. ही निवड ओटीपी किंवा डिजिटल स्वाक्षरीने दाखल करावी लागते, तोपर्यंत कॅश लेजरमध्ये एक पैसाही येत नाही. दर तीन महिन्यांनी विवरणपत्र भरणाऱ्यांनीही पोर्टलवरील टीसीएसचे हे पान महिन्याच्या महिन्याला पाहावे, कारण कंपनीचे विवरणपत्र मासिकच असते. कॅश लेजरमध्ये शिल्लक साचली आणि करासाठी वापरली गेली नाही, तर आरएफडी-०१ हा अर्ज भरून परतावाही मागता येतो. आणि विक्री शून्य असलेल्या महिन्याचे विवरणपत्रही भरावेच लागते. ते १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवून होते, राहिले तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते.