आमची वाटचाल : बुलेटिन, पॉडकास्ट आणि मग शिकवणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आम्ही पॉडकास्ट करतो, संस्थांना ऑडिओ कार्यक्रम करून देतो आणि गावातल्या मुलामुलींना हे काम शिकवतो. मूळ मात्र रेडिओच्या बातमीत आहे. आमचे संस्थापक आधी रेडिओचे बातमीदार, नंतर पॉडकास्टचे निवेदक, आता पूर्णवेळ शिक्षक. पॉडकास्टच्या जाहिरातींवर खर्च भागला नाही, शिकवणीवर भागतो.

स्वतःचं रेडिओ केंद्र का काढलं नाही, हे प्रत्येक बॅच विचारते. सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, सेवाभावी संस्था यांना मिळतो. नफ्यासाठी चालणाऱ्या फर्मला नाही. ट्रान्समीटरची ताकद साधारण १०० वॅटपर्यंत, अँटेना ३० मीटरपर्यंत. शिवाय स्वतः गोळा केलेली बातमी तिथून देता येत नाही. आम्हाला तर बातमीच्याच पद्धतीने काम करायचं होतं. म्हणून पॉडकास्ट.

रेडिओची एक शिस्त आम्ही जशीच्या तशी ठेवली : एका वाक्यात एकच माहिती, आणि कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर. मिनिटाला १०० ते ११० शब्द. त्याहून वेग वाढला की आकडे कानातून निसटतात.

शेतीच्या सल्ल्यात आकड्यांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी ‘हेक्टरी ५ कामगंध सापळे’ (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हे छापील वाक्य. आमच्याकडे हिशेब एकराचा, म्हणून ‘एकरी २’ असंच बोलायचं. फवारणी कधी करायची ते, म्हणजे ‘सलग ३ रात्री, दर सापळ्यात ८ पतंग’, हे दोनदा सांगायचं, कारण ‘सलग’ हा शब्द सुटला तर ऐकणारा पहिल्याच रात्री पंप काढतो. औषधाची मात्रा १० लिटर पाण्याला २५ मिली लिहिलेली असते, पाठीवरचा पंप १५ लिटरचा. म्हणजे साडेसदतीस मिली. हा गुणाकार ऐकणाऱ्यावर सोडायचा नाही. मात्रा कोणत्या पंपासाठी आहे ते आकड्याच्या आधी सांगायचं आणि झाकणाने नव्हे, मापाने मोजायला सांगायचं. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टी फवारणीवरच्या पॉडकास्टच्या प्रत्येक भागात येतातच.

इथेच रेडिओ आणि पॉडकास्ट वेगळे होतात. बुलेटिनमध्ये चूक झाली तर पुढच्या बुलेटिनमध्ये दुरुस्ती देता येते आणि ऐकणारा बहुतेक तोच असतो. व्हॉट्सअॅपवर फिरलेली फाइल मात्र परत बोलावता येत नाही. पुढल्या वर्षीही कोणीतरी ती पाठवतोच. म्हणून पहिल्याच वाक्यात तारीख, तालुका आणि हा सल्ला कोणत्या आठवड्यापुरता आहे ते बोलून टाकायचं. फाइलच्या नावात लिहून उपयोग नाही, नाव बदलतं.

उच्चाराबाबत आमचं मत ठाम आहे. बातमी वाचताना प्रमाण उच्चार लागायचा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : ‘डोया’, ‘बोंडअयी’. मुलाखतीतला तो ‘य’ आम्ही पुसत नाही. नवीन मुलगा ओढूनताणून ‘ळ’ म्हणायला लागला की त्याचं सगळं लक्ष जिभेवर जातं आणि समोरच्याचं उत्तर ऐकायचं राहतं.

आता ध्वनिमुद्रण. खोली १० बाय १२ फुटांची, तीन भिंतींना गोधड्या. गोधडीने घुमणं कमी होतं, बाहेरचा ट्रॅक्टर थांबत नाही. त्यासाठी दाराच्या फटी बुजवाव्या लागतात. मे महिन्यात कूलर बंद केल्याशिवाय काम होत नाही, म्हणून सकाळी आठच्या आत आटोपायचं. कोणत्याही जागी आधी ३० सेकंद कोणी बोलायचं नाही, तिथली शांतता टेप करायची. एडिटिंगमध्ये जोड द्यायला तीच लागते, नाहीतर काप दिला तिथे मागची घरघर तुटल्यासारखी ऐकू येते. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत. पदराच्या आत लावला तर खसखस येते, मंगळसूत्राचे मणी त्यावर वाजतात. हातातला माइक तोंडासमोर धरू नका, थोडा तिरका धरा. ‘फ’ आणि ‘भ’चा वारा बाजूने जातो. वावरात वाऱ्याकडे पाठ. मोबाइल फ्लाइट मोडवर, कारण कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं. आणि हेडफोन कानावर हवाच. घरी आल्यावर कळलेला बिघाड दुरुस्त होत नाही.

शेवटची फाइल मोनो (एकाच चॅनेलची), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट). २० मिनिटांचा भाग साडेनऊ एमबीच्या आसपास बसतो, नेट ढिलं असलं तरी उतरतो. मूळ रेकॉर्डिंग मिनिटाला ५ एमबीहून थोडं जास्त जागा खातं, तेही जपून ठेवायचं, कारण मात्रेवरून वाद झाला तर पुरावा तोच.

एका बॅचमध्ये ८ जण, दोघांत एक रेकॉर्डर. पहिल्या दिवशी माइक हातात देत नाही. बसस्टँडवर १० मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ऐकलेलं कागदावर उतरवायचं. बॅच कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की सुरू होते. येताना वही, तारेचा हेडफोन आणि रिकाम्या मेमरीचा मोबाइल आणा. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.