एक तोळ्याची गोळी

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर खडकीला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "तुझी रायफल कुठल्या बोअरची रे?"

न्यूझीलंडला जाऊन मला नऊ वर्षं झाली. शिकारीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला २०२१ साली. एवढ्या काळात फोनवर हवामान, पगार, नातवंडांची शाळा सगळं बोलणं झालं, पण हा विषय बाबांनी कधी काढला नव्हता. आई आतून म्हणाली, "आल्या आल्या हेच का?" पण हात पुसत तीही बाहेर येऊन बसली.

आमच्या घराला काडतूस नवीन नाही. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ची. आजोबा १९४२मध्ये तिथे लागले, बाबा १९७४मध्ये. लहानपणी आमचं घड्याळ म्हणजे फॅक्टरीचा भोंगा. बाबांची उभी नोकरी पुंगळ्यांच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यांच्या, कामात गेली. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्ताचं पितळ, त्याची चकती, चकतीची वाटी, वाटी ओढून ओढून नळकांडं. मधेमधे भट्टीत घालून मऊ करायची, नाहीतर ओढताना तडकते. हे सगळं मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. पण बाबांनी स्वतः चाप कधी ओढला नाही. लाखो पुंगळ्या हातावेगळ्या केलेल्या माणसाने एकही काडतूस उडवलेलं नाही. म्हणून त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, आणि मी सविस्तर उत्तर दिलं. तेच इथे लिहितोय, कारण "तू तिकडे प्राणी मारतोस?" हे मला तुमच्यापैकीही अनेकांनी विचारलं आहे.

आधी तेवढं सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. न्यूझीलंडचं गणित मुळातूनच वेगळं आहे. वटवाघळं सोडली तर त्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. हरणं, ससे, बकऱ्या, वॉलबी (छोटे कांगारूच), सगळे माणसांनी बोटीतून नेले आणि सोडले. त्यांना खाणारं कुणी नाही, त्यामुळे डोंगरावरची गवतं आणि झुडपं ते बोडकी करून टाकतात. आपल्या हिमालयातला ताहर हा रानबकरासुद्धा १९०४मध्ये माउंट कुकजवळ सोडला गेला. आज सरकारी आराखड्यात त्याच्या संख्येला दहा हजारांची मर्यादा घातलेली आहे. मी टिमारूला राहतो, तिथून ते डोंगर दोनेक तासांवर. पहिल्यांदा कड्यावर ताहर पाहिला तेव्हा मनात आलं, हा आणि मी एकाच बाजूने आलोय.

परवाना मात्र मागितला आणि मिळाला असा नाही. सुरक्षेचं शिक्षण, परीक्षा, माझी मुलाखत, बायकोची वेगळी मुलाखत, घरी येऊन तिजोरीची तपासणी. २०१९च्या क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. डोंगरात भेटणारे जवळपास सगळे साध्या बोल्टच्या, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायच्या, रायफली वापरतात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. माझी रायफल सेव्हन एमएम-ओ-एट, म्हणजे ७ मिमी-०८. हे नाव ऐकून बाबांच्या कपाळाला आठी पडली, कारण खडकीत या मापाचं काही बनत नव्हतं. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. १९५२मध्ये अमेरिकेत .३०८चं काडतूस आलं (असले आकडे म्हणजे इंचातलं ढोबळ माप). त्याचीच पुंगळी घ्यायची, मान जरा जास्त आवळायची आणि ७ मिलिमीटरची गोळी बसवायची. झालं ७ मिमी-०८, सन १९८०. आणखी आवळून ६ मिलिमीटरची बसवली की .२४३, ती त्याच्याही आधीची, १९५५ची. "म्हणजे अंग एकच, गळे वेगळे," बाबा म्हणाले. एवढ्या कमी शब्दांत हे मला दुकानात कुणी समजावलं नव्हतं.

आई अडली ती ग्रेनवर. गोळीचं वजन शिकारी मंडळी अजूनही ग्रेनमध्ये सांगतात. मी म्हटलं, "आई, तोळ्यात सांगतो." ब्रिटिशांनी १८३३मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची. माझी १४० ग्रेनची, पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. .२४३ची १०० ग्रेन, अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर. आईने लगेच हातातल्या पाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंसं? आणि त्याने एवढं मोठं हरीण पडतं?"

पडतं, पण योग्य जागी लागली तरच. माझ्या सगळ्या आवडीनिवडी याच एका गोष्टीवर येऊन थांबतात.

.२४३ बायकोची आवडती. ती साताऱ्याची, डोंगर चढण्यात माझ्यापेक्षा काटक. धक्का अगदी सौम्य, त्यामुळे तिची गोळी जिथे बघते तिथेच जाते. तिच्या हातात ही रायफल मला पूर्ण पटते. माझ्या हातात नाही पटत, कारण मोठा लाल हरणाचा नर तिरका उभा असेल तर अर्ध्या तोळ्याची गोळी खांद्याच्या हाडातून आत पोचेलच याची मला खात्री वाटत नाही. तिला तशी वेळ आली तर ती रायफल खाली ठेवते आणि वाट बघते. तो संयम मला तिच्याकडून शिकायचा आहे.

.२२३ वॉलबी आणि सशांना उत्तम. काहीजण तिने हरणंही मारतात. मी मारत नाही आणि मारणार नाही.

.२७० मला आवडत नाही, हे टिमारूत मोठ्याने म्हणणं म्हणजे पुण्यात मिसळ आवडत नाही म्हणण्यासारखं आहे. १९२५पासूनचं हे काडतूस तिथल्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी वापरलंय. माझी तक्रार मांसाची आहे. वेग फार. जंगलात चाळीस-पन्नास पावलांवरून मारलं की पुढच्या खांद्याचं सगळं मटण रक्ताळून काळं पडतं, जेलीसारखं होतं. ते फेकून द्यावं लागतं. आमच्याकडे हरणाच्या खांद्याचा काळा मसाला घालून रस्सा होतो, मुलं बोटं चाटून खातात. जीव घेतलाय तर त्याचा खांदा वाया जाता कामा नये. लांबच्या माऱ्याला .२७० सुंदर आहे, ते मी मान्य करतो.

आमचा नाशिकचा मित्र क्राइस्टचर्चला असतो, तो ६.५ क्रीडमूरवाला. २००७चं काडतूस, लांब निमुळती गोळी, वाऱ्यात कमी भरकटते. चांगलं आहे. मला त्याच्याविरुद्ध बोलायला काही सापडत नाही आणि त्याच्यासाठी जीवही तुटत नाही.

जीव तुटला तो .३०० मॅग्नम या जास्त दारूच्या काडतुसापायी.

तिसऱ्या हंगामात एका ओळखीच्यांनी ताहरसाठी ती रायफल दिली. पूर्ण एक तोळ्याची गोळी, सेकंदाला जवळपास नऊशे मीटर. आदल्या दिवशी निशाणा जुळवायला मी लागोपाठ बारा गोळ्या झाडल्या. धक्का माझ्या रायफलीच्या जवळजवळ दुप्पट. नवव्या गोळीला स्कोपची, म्हणजे वरच्या दुर्बिणीची, कडा भुवईवर आदळली, रक्त आलं. वर पट्टी लावली आणि उरलेल्या तीन मारल्या. तिथेच थांबायला हवं होतं. त्या तीन गोळ्यांत माझ्या अंगाने एक गोष्ट शिकून घेतली आणि मला ती कळली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक नर समोरच्या उतारावर आडवा उभा राहिला. अंतर २६० मीटर. वारा नाही, पिशवीवर रायफल पक्की टेकलेली. मी चाप ओढला, पण त्याच्या क्षणभर आधीच खांदा आक्रसला आणि डोळे मिटले. गोळी पोटात मागे लागली. तो पडला नाही, कड्यांमध्ये शिरला. पुढचे साडेतीन तास आम्ही त्याला शोधत होतो. दगडांवर कुठे कुठे रक्ताचा रुपयाएवढा ठिपका, मग पंधरा मिनिटं काहीच नाही. संध्याकाळी एका खडकाच्या कपारीत सापडला. बसलेला होता, जिवंत. मानेवरची लांब आयाळ वाऱ्याने हलत होती. त्याने आमच्याकडे बघितलं. दुसरी गोळी सोबतच्या मित्राने मारली. माझे हात थरथरत होते.

हे मी खडकीच्या घरात पहिल्यांदाच कुणाला पूर्ण सांगितलं. आई उठून आत गेली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काडतूस चांगलं असून भागत नाही, नाही का?"

मॅग्नम वापरणारे म्हणतील की दोष रायफलीचा नाही, तुझा. बरोबर आहे. ज्याच्या खांद्याला तो धक्का सोसतो त्याने जरूर वापरावी. मला सोसत नाही, आणि माझ्या न सोसण्याची किंमत तिसऱ्याने भरली. त्या दिवसापासून मोठं काडतूस म्हणजे मोठा शिकारी ही भाषा मला सहन होत नाही. माझ्यासमोर कुणी नवख्या पोराला "पहिलीच घे मॅग्नम" असं सांगायला लागलं की मी मधे पडतो.

७ मिमी-०८कडे मी वळलो ते मात्र जिम कॉर्बेटमुळे. पुण्यात वाढलेल्या कित्येकांसारखा मीही शाळेच्या सुट्टीत कॉर्बेटच्या नरभक्षकांच्या गोष्टींत बुडालेला असायचो. चंपावतची वाघीण त्यांनी १९०७मध्ये मारली, त्यानंतर त्यांना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी. हे .२७५ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून १८९२चं ७ बाय ५७चं माउझर काडतूस. गोळी सात मिलिमीटरची, माझ्याच व्यासाची. माझी पुंगळी पाचेक मिलिमीटरने आखूड, एवढाच फरक. धक्का माझ्या खांद्याला पेलतो, दिवसभर सराव केला तरी डोळा मिटत नाही. तीनशे मीटरच्या पुढे मी मारतच नाही, आणि तिथपर्यंत ती गोळी लाल नरालाही पुरते, ताहरलाही. टेकडीवर दगडाला पाठ लावून बसलो की हातातल्या त्या पितळेकडे बघून दहा वर्षांचा मी, खडकीच्या गॅलरीतला, आठवतो.

आणि एक उरली. थ्री नॉट थ्री.

आपल्याकडे .३०३ म्हणजे पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक. सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाही. म्हणून तर गावोगाव .३१५ दिसते, जिच्या काडतुसावर '८ एमएम केएफ' असा शिक्का असतो. केएफ म्हणजे कर्की फॅक्टरी, आपली खडकी. न्यूझीलंडमध्ये मात्र .३०३ शेतकऱ्याच्या गॅरेजमध्ये सायकलीशेजारच्या कपाटात सापडते, आणि तिला म्हणतात थ्री-ओ-थ्री. जुने सरकारी शिकारी हीच घेऊन डोंगरात महिनेमहिने राहायचे. मारलेल्या हरणांच्या शेपट्या मोजून त्यांचा हिशेब व्हायचा. आमच्या शेजारी त्यांतलेच एक राहतात, पंचाऐंशीच्या पुढचे. मुलं त्यांना पॉप म्हणतात, आता आम्हीही.

गेल्या ऑगस्टात पॉपनी बिस्किटांचा एक गंजका डबा माझ्यासमोर उघडला. आत .३०३ची जुनी काडतुसं. एकाची गोळी त्यांनी पकडीने हळूच काढली आणि पुंगळी तळहातावर उलटी केली. दारूची पूड नाही, तपकिरी काड्या पडल्या, शेवयांसारख्या, एकसारख्या कापलेल्या. कॉर्डाइट, जुन्या काळची काडतुसाची दारू. असलं काडतूस झाडलं की त्याच रात्री नळीतून उकळतं पाणी ओतायचं, कॅपमधल्या, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या, क्षारांनी गंज चढतो, असं ते सांगत होते. माझं लक्ष नव्हतं. मी पुंगळीचा बुडखा उजेडात धरला होता. के. मधे बाण. एफ. रोमन सात. आणि ४३.

पॉपना मी सांगितलं की या कारखान्याचा भोंगा ऐकत मी मोठा झालो, आणि १९४३मध्ये माझे आजोबा तिथे कामाला होते. त्यांनी ती रिकामी पुंगळी माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली. मी परत दिली. पुंगळी घेऊन विमानात बसणं म्हणजे भारतात उतरताच पोलिसांसमोर उभं राहणं. फोटो काढून घेतला.

तो फोटो मी बाबांना शेवटी दाखवला. त्यांनी चष्मा बदलला, मग कपाटातून भिंग आणलं आणि फोनवर धरलं. के आणि एफवर बराच वेळ बोट फिरवत राहिले, जणू तिथे खोलगट काही लागणार आहे. "त्रेचाळीस. अण्णा होते तेव्हा," ते म्हणाले. मग एकदम कामावरच्या आवाजात विचारलं, "कॅपच्या भोवती जांभळी लाखेची कडा असते. ती आहे का? फोटोत नीट दिसत नाहीये."

मला आठवेना. परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पॉपच्या गॅरेजात गेलो, दार पूर्ण उघडून पुंगळी उन्हात धरली आणि तिथूनच खडकीला फोन लावला.

"आहे बाबा. अर्ध्या बाजूला उडालीय, अर्ध्या बाजूला शाबूत आहे."

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "पॉलिशने घासू नका म्हणावं."