सलाम चुकवणाऱ्यांची गल्ली

नॉयश्वानस्टाईनचा किल्ला पाहिला. सुंदर आहे, गर्दी जीवघेणी आहे, विषय संपला. लिहायचंय ते जर्मनीतल्या म्युनिकमधल्या एका गल्लीबद्दल. टूरच्या यादीत ती नव्हतीच.

ओडिओन्सप्लाट्झ चौकात फेल्डहेर्नहाले नावाचा दगडी मंडप आहे. 9 नोव्हेंबर 1923 ला हिटलरचा उठाव पोलिसांनी इथेच गोळीबार करून मोडून काढला. 1933 मध्ये सत्ता हातात आल्यावर नाझींनी त्यात मेलेल्या आपल्या माणसांचं स्मारक मंडपाच्या रेसिडेंझश्ट्रासे या रस्त्याकडच्या अंगाला उभारलं. तिथे एसएसचा, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचा, खडा पहारा. समोरून जाणाऱ्याने हात उंचावून सलाम करायचाच.

या रस्त्याने मंडपाकडे चालत गेलं की थोडं अलीकडे डावीकडे विस्कार्डीगासे लागते. अगदी आखूड बोळ. त्यात शिरा, पलीकडच्या रस्त्याला लागा, उजवीकडे वळा, की पुन्हा तोच चौक. स्मारक मात्र वाटेत येत नाही. ज्यांना हात वर करायचा नव्हता ते इथून जायचे.

त्यांच्या आठवणीसाठी 1995 मध्ये ब्रुनो वांक या शिल्पकाराने गल्लीच्या फरसबंदीत ब्राँझच्या दगडांची एक नागमोडी रेघ बसवली. पायांनी घासून ती सोन्यासारखी चकाकते. पाटी मला तरी दिसली नाही. एक बाई बाबागाडी ढकलत रेघेवरून निघून गेली, खाली पाहिलंही नाही. जवळच राजवाड्याच्या दारात लोक नशीब उजळावं म्हणून ब्राँझच्या सिंहाचं नाक चोळत होते. आमचा अख्खा ग्रुप तिकडेच!

नवरा म्हणाला, "यात कसला प्रतिकार? ही तर पळवाट." त्याचा मुद्दा खोटा नाही. याच शहरातल्या विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी 18 फेब्रुवारी 1943 ला नाझींविरोधी पत्रकं वाटली आणि चारच दिवसांत त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्यापुढे गल्लीत वळणारा एखादा कारकून कोण? त्याच्या वळण्याने डाखाऊच्या छळछावणीतून एकही माणूस सुटला नाही.

पण मला त्या कारकुनाची अक्कल आवडली. रस्ता बदलणं हा काही गुन्हा नव्हे, पुरावा कसला मिळणार? आणि रोज त्याच वेळी वळणारे आणखी दोघं-चौघं त्याला दिसत असणारच. ओळख न देताही आपल्यासारखे कोण आहेत ते कळत असणार. जिथे शेजाऱ्याशी बोलायची चोरी, तिथे हे थोडं नव्हे.

साल्झबुर्गच्या गाडीत आमचा वाद चालूच होता. त्याला अजूनही ती पळवाटच वाटते.