झिंक तपासलं होतं का?

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते. सॉल्ट ॲनालिसिसच्या, म्हणजे दिलेला क्षार कुठला ते ओळखण्याच्या, प्रॅक्टिकलला काय होतं, ते या पेशातल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलं मागच्या बॅचकडून सॉल्टचं नाव काढून घेतात आणि जर्नल उलटं भरतात, म्हणजे आधी उत्तर आणि मग त्याला जुळणारी निरीक्षणं. ‘व्हाइट पीपीटी’ (प्रेसिपिटेट, म्हणजे पांढरा साका) असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं आणि टेस्ट ट्यूब स्टँडला कोरडी असते. मला याचं फार वाईट वाटायचं.

मागच्या वर्षी एका तासाला जेम्स मार्शचा विषय निघाला. तो इंग्लंडमधल्या वूलिचच्या रॉयल आर्सेनल या शस्त्रागारात केमिस्ट होता. जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत आर्सेनिक घातल्याचा आरोप होता. मार्शने नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड सोडून पिवळा साका मिळवला, पण ज्युरीपुढे ठेवेपर्यंत तो साका बिघडला आणि बॉडल सुटला. मार्शच्या ते इतकं जिव्हारी लागलं की टिकणारा पुरावा देणारी पद्धत त्याने शोधून काढली आणि १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. नमुन्यात झिंक आणि ॲसिड घातलं की आर्सेनिकचा आर्सीन वायू होतो. तो तापवलेल्या काचनळीतून नेला की त्याचं विघटन होतं आणि नळीच्या पुढच्या थंड भागावर चकचकीत काळपट आरसा धरतो.

वर्ग एकदम शांत झाला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅम, आपण करू या ना ही टेस्ट!’

ती कॉलेजच्या लॅबमध्ये करता येत नाही. आर्सीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, थोडासा श्वासात गेला तरी जीवावर बेतू शकतं. त्या संध्याकाळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो हिंजवडीत गेम बनवण्याचंच काम करतो. ‘व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात, ही टेस्ट करता येईल का रे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, करता येईल. पण नुसती टेस्ट नको, केस करू या.’

मग आमचे शनिवार त्यातच जायला लागले. सदाशिव पेठेतला एक जुना वाडा, जायफळ घातलेली कॉफी पिऊन आजारी पडलेले आजोबा, घरात पुतण्या, भाडेकरू आणि स्वयंपाकाच्या बाई. गोष्ट दोन बैठकांत जमली. सगळा घाम निघाला तो तक्ता भरताना. पुस्तकात फक्त बरोबर टेस्ट असतात. गेममध्ये मुलगा कुठल्याही बाटलीतलं काहीही कशातही ओतू शकतो, आणि त्या प्रत्येक मिश्रणाचं खरं दृश्य दिसायला हवं. साका येईल का, कुठल्या रंगाचा, जास्त रिएजंट (तपासणीचं रसायन) घातला तर विरघळेल का? तक्ता भरायला मला पाच आठवडे लागले. इतक्या वर्षांत इतकी केमिस्ट्री मी सलग कधी वाचली नव्हती.

पहिला प्रयोग मोबाईल आणि पुठ्ठ्याच्या चष्म्यावर केला. निम्म्या मुलांच्या फोनमध्ये जायरोस्कोपच नव्हता, त्यामुळे मान वळवली तरी वाडा जागचा हलत नव्हता. मग मित्रमंडळींकडून दोन हेडसेट मागून आणले. त्यातही पहिल्या दिवशी तीन मुलींना मळमळायला लागलं. डोळ्यांना चालल्यासारखं दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांगतो की आपण उभेच आहोत, त्याचा हा त्रास. चालणं काढून टाकलं. आता बोट दाखवायचं आणि थेट त्या जागी पोचायचं. मळमळ बरीच कमी झाली. परवानगीची कथा लांबवत नाही. ‘पोरं कॉलेजात गेम खेळणार?’ या प्रश्नाला मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये हेडसेट नेऊनच उत्तर दिलं.

वीस जणांची बॅच आणि हेडसेट दोन, ही अडचणच शेवटी सगळ्यात उपयोगी पडली. एक जण आत, बाकीचे टेबलाभोवती वही घेऊन. आतल्याने फक्त दिसेल ते बोलायचं, अनुमान बाहेरच्यांनी काढायचं. ‘पीपीटी आला’ एवढ्यावर भागत नाही. ‘कसला? दह्यासारखा की गढूळ? तळाशी बसतोय का?’ असे प्रश्न मुलंच एकमेकांना विचारायला लागली.

पहिल्या गटाला काचनळीत आरसा मिळाला. अँटिमनी हे दुसरं मूलद्रव्यही असाच थर देतं, हे एका मुलीला आठवलं. तिने आतल्या मुलाला सोडियम हायपोक्लोराइट घालायला लावलं. थर विरघळला, म्हणजे आर्सेनिकच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गटाने पुतण्यावर आरोप ठेवला. गेममध्ये कोर्ट उभं राहिलं. बचावाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, ‘झिंक तपासलं होतं का?’

कुणालाच काही बोलता येईना. बाजारातल्या साध्या झिंकमध्ये आर्सेनिकचा अंश असू शकतो, म्हणून नमुना न घालता नुसतं झिंक आणि ॲसिड घेऊन आधी ब्लँक टेस्ट करायची असते. वाड्यातल्या कपाटात मी मुद्दाम झिंकचे दोन डबे ठेवले होते आणि त्यांनी हाताला लागला तो घेतला होता. पुतण्या सुटला. हेडसेट काढलेल्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही, त्याला खरंच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अख्खा गट परत आला. केस पुन्हा उघडा म्हणाले.

एक गोष्ट मात्र माझी चुकली, आणि असं काही करू पाहणाऱ्यांना ती सांगायलाच हवी. मी व्हीआर आधी ठेवलं आणि लॅब नंतर. आत काही भाजत नाही, कसला वास येत नाही, ठसका लागत नाही. त्या आठवड्यात लॅबमध्ये एका मुलाने टेस्ट ट्यूब तापवताना तोंड स्वतःकडे धरलं. मी वेळेत हात धरला म्हणून बरं. दुसऱ्या बॅचपासून क्रम उलटा केला. आधी खरी लॅब, ॲप्रन, गॉगल, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास, आणि मग वाडा. ब्युरेटचा नळ किती फिरवला की एकच थेंब पडतो, हे हेडसेटमध्ये शिकता येत नाही. ते लॅबमध्ये उभं राहूनच शिकायचं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी सराव चालू होता. ‘केस पुन्हा उघडा’ म्हणणाऱ्यांतला एक जण कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्याने सिल्व्हर नायट्रेट घातलं तर पांढरट गढूळपणा आला. क्लोराइड असलं की असा पांढरा साका येतो. शेजाऱ्याने लगेच सांगून टाकलं, ‘क्लोराइड, लिही.’ हा थांबला. लॅबच्या मामांकडून डिस्टिल्ड वॉटर मागून घेतलं. एका ट्यूबमध्ये ते आणि दुसरीत नळाचं पाणी घेऊन दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब टाकले. डिस्टिल्ड स्वच्छ राहिलं. नळाचं पाणी तसंच गढूळ झालं. टेस्ट ट्यूब त्याने नळाखाली धुतली होती.

त्याने ट्यूब डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा विसळली आणि टेस्ट परत लावली. गढूळपणा आला नाही. जर्नलमध्ये त्याने दोन्ही निरीक्षणं लिहिली, पहिलंही खोडलं नाही, आणि नायट्रेट ओळखायच्या ब्राउन रिंग टेस्टची तयारी करायला घेतली.