पियानो ऐक, पुता

जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून साफ करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं बहुतेक नाट्यसंगीतवाली, नाहीतर आजोबांच्या आवाजाचं स्पूल घेऊन येणारी. जॅझ क्वचितच येतो. त्या वेळी आला आणि मी त्याची पार वाट लावली.

आणणारे गोव्याचे अंकल, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचे. बोटीवर नोकरीला असलेल्या भावानं कधीकाळी आणलेली अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची एलपी टॉवेलात गुंडाळलेली. "फक्त खरखर काढ," म्हणाले आणि गेले.

तिच्यातलं 'लव्हर मॅन' लावलं. पियानोची सुरावट संपते आणि सॅक्स येतच नाही. पियानोवाला बिचारा तेच तेच घोळवत बसतो. मग सॅक्स येतो तो चाचपडत. सूर हलतो, आवाज मध्येच खोल जातो, मध्येच अंगावर येतो. मी लगेच निदान केलं: तबकडीचं भोक बाजूला सरकलंय. अशानं सूर लाटेसारखा वरखाली होतो, आमच्यात त्याला 'वाव' म्हणतात (संधीला म्हणतात तो नव्हे). मग काय, सूर सरळ केला, खोल गेलेल्या जागी आवाज वाढवला, पियानोचं लांबलेलं घोळवणं कापून टाकलं. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तुकड्यावर पाच तास घालवले आणि स्वतःवर खूश झालो.

अंकलनी हेडफोन लावला. सॅक्सच्या पहिल्याच सुराला हात वर.

"हा इतक्या लवकर कसा आला?"

मी कौतुकानं सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"पियानो ऐक, पुता. पियानो हलतोय?"

मूळ फाइल लावली. पियानो सरळ होता. भोक सरकलेलं असतं तर पियानोही हलला असता, आणि तोही घड्याळाच्या काट्यासारखा: एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एक लाट. शिकायला येणाऱ्या पोरांना हे मी पहिल्या दिवशी सांगतो.

मग अंकल बोलले. २९ जुलै १९४६, हॉलिवूड, डायल कंपनीचं रेकॉर्डिंग. पार्कर पंचविशीतला. हेरॉइन मिळेना म्हणून दारूवर भागवत होता, धड उभं राहवत नव्हतं. झोक जाईल तसा माइकपासून लांब. त्या काळी थेट डिस्कवर कोरायचे. टेप नाही, म्हणून कापाकापी नाही. तो उशिरा आला, तर उशीरच कोरला गेला. त्याच रात्री हॉटेलातल्या त्याच्या खोलीत आग लागली, पोलिसांनी धरलं, आणि पुढे सहा महिने कॅमरिलोचं मनोरुग्णालय. "आणि आठ महिने आधी ह्याच माणसानं 'को-को' वाजवलाय," असं म्हणून त्यांनी तो माझ्याच कॉम्प्युटरवर लावायला लावला. २६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क. बोटं इतकी पळतात की माझ्या पडद्यावरचा आलेख नुसता भरीव काळा पट्टा दिसत होता.

'लव्हर मॅन' बाजारात आणलं म्हणून पार्कर स्वतः संतापला होता, हेही त्यांनीच सांगितलं. मी संधी साधली. वाजवणाऱ्यालाच नको होतं, मग मी जरा सावरून घेतलं तर बिघडलं कुठं?

"नको तर तबकडी फोड. त्याच्या नावावर तुझं वाजवू नको."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एलपी धुतली, पुन्हा उतरवली, फक्त टिकटिक काढली. अंकल तोवर तिथेच बसून.

फाइल सुरू झाली. पियानो संपत आला तशी त्यांची बोटं मांडीवर चाव्यांच्या जागी गेली. सॅक्स यायच्या जागी त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पियानो घोळवत राहिला. अंकल श्वास धरून बसले होते.